आठ मुनारे आणि अंगणातला रूळ

गेल्या हिवाळ्यात राजुऱ्याच्या एका सभागृहात मी स्वतःला पडद्यावर पाहिलं. पडद्यावरचा मी उंच होतो, गोरा होतो आणि भर जंगलात माझ्या शर्टाला इस्त्री होती. साठ वर्षांपूर्वीचा खरा मी तेवीस वर्षांचा, पाच फूट दोन इंच उंचीचा, हिवतापानं पिवळा पडलेला मोजणीदार होतो. पडद्यावरच्या मोजणीदारानं शेत गमावलेल्या एका कुटुंबाला नाल्यापलीकडे नेलं, सपाट जागा दाखवली आणि इथे तुमचं नवं आयुष्य सुरू होईल, असं काहीसं म्हटलं. टाळ्या पडल्या. दिवे लागल्यावर मला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी दोन्ही घेतलं. खाली पहिल्या रांगेत त्या कुटुंबातली मुलगी, आता सत्तरीला आलेली सुमनताई, माझ्याकडे पाहून हात जोडत होती.

ती शाल माझी नव्हती. कोणाची होती आणि माझ्या वाट्याला खरं काय यायला हवं होतं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे जंगलातल्या नोकरीचे अनुभव मागितले होते, आणि शक्य असल्यास एखादा वाघ. वाघाबद्दल मी क्षमा मागतो. वाघ मला टाळत असत, मी त्यांना टाळत असे, आणि त्या व्यवहारात दोन्ही पक्षांनी शेवटपर्यंत शब्द पाळला.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो. जमीनदारी गेली तेव्हा चांदा जिल्ह्यातली जमीनदारांची जंगलं सरकारकडे आली. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. जंगल आलं, पण ते कुठे संपतं आणि गावाची जमीन कुठे सुरू होते हे कोणाला ठाऊक नव्हतं. जुन्या नकाशांवर एक दगड, एक दिशा आणि एक अंतर एवढंच असे. त्या दगडापासून त्या दिशेनं रेष काढायची, रेषेवरचा झाडझाडोरा तोडून पट्टा मोकळा करायचा आणि ठरलेल्या अंतरावर छातीइतका उंच दगडांचा ढीग रचायचा. त्याला चुना लावून डांबरानं नंबर घालायचा. या ढिगाला मुनारा म्हणतात. मुनाऱ्याच्या एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला माणसं.

मुनारा दिसतो तितका पक्का नसतो. त्यात वाळवी लागली की अस्वल येऊन दगड उपसून टाकतं. एकदा मी तसा अहवाल पाठवला, तर कचेरीतून उलट पत्र आलं की संबंधितावर काय कारवाई केली ते कळवावे. मी कळवलं की संबंधित फरार आहे. पुढे काही विचारणा झाली नाही.

दिशा धरायला आमच्याकडे होकायंत्र असे. तिपाईवर ठेवायचं पितळी यंत्र, त्यात डोळा लावून आकडा वाचायचा. त्याची सुई एका गोष्टीला भुलते, ती म्हणजे लोखंड. म्हणून आकडा वाचण्याआधी माझे साखळीवाले, म्हणजे अंतर मोजणारे गडी, आपापल्या कुऱ्हाडी वीस पावलं लांब नेऊन ठेवत. किल्ल्या, चाकू, अडकित्ता, सगळं लांब. झितू नावाचा माझा सर्वांत जुना साखळीवाला तर कमरेच्या करगोट्यातली चावीसुद्धा सोडून झाडाला टांगायचा. एकदा एका ठेकेदाराच्या मुनशीनं ऊन लागू नये म्हणून आदरानं माझ्या डोक्यावर छत्री धरली, आणि तिच्या काड्यांनी माझी सुई अशी फिरवली की रेष थेट त्याच्या मालकाच्या फायद्यात गेली. झितूनं ती छत्री ओळखली. "छत्री मिटा जी, साहेब काई विरघळत नाई," असं तो म्हणाला होता. झितूचे माझ्यावर उपकार आहेत. अशा चुका पकडायचं मी त्याच्याकडून शिकलो.

चूक पकडायची दुसरी रीत अशी. इथून तिकडे पाहून एक आकडा लिहायचा, मग तिकडे जाऊन मागे वळून पाहायचं आणि दुसरा लिहायचा. त्याला आम्ही उलट दिशा म्हणू. दोन्ही आकड्यांत बरोबर एकशे ऐंशीचा फरक आला पाहिजे. आला नाही तर दोन टोकांपैकी एका टोकाला कुठेतरी लोखंड आहे. मग रेष पुन्हा काढायची. एवढंच या विद्येचं सार आहे, आणि एवढंही ज्याच्यानं पाळलं गेलं नाही तो मी.

आता ते कुटुंब. गोविंदा मेस्त्री माजरीकडे कोळशाच्या एका खाणीत फिटर होता. ती जुनी खाण बंद पडली. बाकीचे दुसऱ्या खाणीत गेले. हा मात्र बायकोला आणि सात वर्षांच्या सुमनला बैलगाडीत बसवून पूर्वेला निघाला, कारण कोणा माणसानं त्याला सांगितलं होतं की भामरागडच्या वाटेवर पडीक जमीन आहे, साफ करील त्याची. तोंडी सांगितलं होतं. तिकडे तेव्हा सगळं तोंडीच चाले. गोविंदाला शेतीतलं काही कळत नव्हतं, पण त्याची बायको सगुणाबाई धानवाल्यांची लेक होती. तिनं नाल्यालगतचा उतार पाहिला आणि बांध घालायला लावले. दोन वर्षांत त्या दोघांनी चार एकरांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, तयार केल्या. सिनेमात हा भाग फार चांगला आला आहे. चिखलात उभी राहून नवऱ्याला बांध कसा थोपटायचा ते दाखवणारी सगुणाबाई अगदी तशीच होती, फक्त खरी सगुणाबाई जास्त बोलायची. नवऱ्याला उद्देशून ती म्हणायची, "खदानीत कसा राह्यला रे तू? तुले सरळ भोक तरी पाडता येत होतं का?"

सिनेमात एक वस्तू मात्र नाही. गोविंदानं खाणीतून निघताना कोळशाच्या डब्यांच्या रुळाचा दीड हाताचा एक तुकडा आणला होता. ऐरण म्हणून. आसपासच्या गावांतले माडिया लोक त्याच्याकडे नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी ठोकून घ्यायला येत. बदल्यात मोहफुलं, कधी मध, कधी मदतीचे हात देत. तो रूळ त्यानं अंगणातल्या मातीच्या ओट्यात पुरला होता. काम नसलं की सगुणाबाई त्यावरून शेणाचा हात फिरवून टाकायची, मग तिथं काही आहे हे कळायचंसुद्धा नाही.

आणि त्या ओट्याच्या कडेलाच जमीनदारीचा जुना दगड होता. माझी रेष तिथूनच निघायची होती.

मी पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. अंगणात मोहाची सावली होती. सगुणाबाईनं आम्हाला ओट्यावर बसवून आंबील दिली. झितूनं कुऱ्हाडी लांब नेऊन ठेवल्या, चावी झाडाला टांगली. मी दगडाशेजारी, ओट्याला लागून, तिपाई उभी केली आणि नकाशातली दिशा धरली, एकशे बारा. सुमन यंत्रात डोळा लावू द्या म्हणून मागे लागली होती. मी लावू दिला. तिला त्यात फक्त तिच्या बापाची गाय दिसली.

तिथून नाल्यापर्यंत चाळीस साखळ्या, म्हणजे अर्धा मैल. काठ्या रोवत, एका काठीमागे दुसरी झाकत, सरळ रेष न्यायची. पाच दिवस लागले. आठ मुनारे झाले. शेवटचे तीन गोविंदाच्या बांध्यांच्या पलीकडे, नाल्याच्या बाजूला पडले. म्हणजे शेत जंगलात गेलं. पाचव्या दिवशी दुपारी शेवटच्या मुनाऱ्यावर यंत्र ठेवून मी मागे पाहिलं. दोनशे ब्याण्णव यायला हवं होतं. आलं दोनशे अठ्ठ्याण्णव.

मी तीनदा वाचलं. मग झितूला तिथंच बसवून एकटा अंगणात परत गेलो आणि गोविंदाला विचारलं की इथे कुठे लोखंड आहे का. तो खूश झाला. आपल्या ऐरणीबद्दल कोणी साहेब विचारतो आहे याचाच त्याला आनंद झाला. त्यानं ओट्यावरचं शेण खरवडून मला रूळ दाखवला, हातोडीनं वाजवूनही दाखवला. माझी तिपाई जिथे होती तिथून तो रूळ हातभरही लांब नव्हता. म्हणजे ज्या ओट्यावर त्यांनी आम्हाला बसवून आंबील दिली, त्याच ओट्यानं त्यांचं शेत नेलं होतं. सहा अंशांचा फरक. अर्ध्या मैलावर तो पावणेतीनशे फूट होतो.

त्यानंतर मी काय करायला हवं होतं हे मी वर लिहूनच ठेवलं आहे. रेष पुन्हा काढायला आणखी पाच दिवस लागले असते. चार दिवसांनी साहेबांची तपासणी होती. माझे दोन साखळीवाले तापानं फणफणले होते. मी नोकरीत कायम झालो नव्हतो, आणि त्याच उन्हाळ्यात रेष दुसऱ्यांदा काढणाऱ्या एका मोजणीदाराला घरी पाठवलं होतं. ही कारणं मी साठ वर्षं मनात जपली. आज कागदावर लिहिली तर चार ओळीही भरल्या नाहीत.

मी परत शेवटच्या मुनाऱ्यावर गेलो आणि फील्डबुकात लिहिलं, उलट दिशा दोनशे ब्याण्णव.

झितूला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो माझा चेहरा वाचत होता. त्यानं एवढंच विचारलं, "जुळलं का जी?" मी म्हटलं, जुळलं. त्यानं साखळी उचलली आणि माझी वाट न पाहता निघाला.

दुसऱ्या दिवशी गोविंदा मुनाऱ्यांच्या रांगेतून चालत माझ्या तंबूपाशी आला. हातात टोपी होती. बांध्या जंगलात गेल्या असं गडी म्हणतात, हे खरं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, खरं आहे. त्यानं यंत्राच्या पेटीकडे पाहिलं. खाणीतला माणूस होता तो, यंत्रांत जन्म गेला होता त्याचा.

"साहेब, यंत्रात काई गडबड तर नाई?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाई. अन् तुमी कायले खोटं बोलान जी."

टोपी घालून तो गेला.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांना उठावं लागलं. सिनेमात तेव्हा एक मिशाळ अधिकारी येऊन बांध पायानं मोडतो. असा कोणी अधिकारी आला नव्हता. वनखात्याचा एक साधा नाकेदार कागद घेऊन आला, तोही ओशाळलेला होता, आणि त्यानं भांडी गाडीत चढवायला मदत केली. बांध कोणी मोडला नाही. रूळ जड होता, एकच बैल उरला होता, म्हणून रूळ तिथंच राहिला. सिनेमातला गोविंदा गाडी हाकताना बायकोला सांगतो की सरकारच्या जमिनीत नांगर घातला, चूक माझीच. हे वाक्य मात्र खरं आहे. तो ते जन्मभर म्हणत राहिला.

आणि नवी जागा मी दाखवली नाही. त्या वेळी मी वीस कोस लांब होतो आणि तिथून आणखी लांब जाण्याच्या खटपटीत होतो. जागा रैनूनं दिली. रैनू नाल्यापलीकडच्या माडिया गावाचा गायता, म्हणजे गावाच्या देवाचं आणि जमिनीचं पाहणारा माणूस. गोविंदानं त्याचे फाळ ठोकले होते. गाडी जाताना त्यानं ती अडवली, कुठे निघालात विचारलं, आणि स्वतःच्या गावाच्या हद्दीतला एक तुकडा दाखवला. त्याला मराठी मोजकंच येत होतं. सगुणाबाई त्याची नक्कल करून सांगायची, "जागा हाय. राहा. नवा धान, नवा आंबा, पंडुम आधी खायचा नाई. बस." पंडुम म्हणजे त्यांचा नव्याचा सण. तो झाल्याशिवाय गावात कोणी नवं पीक तोंडात घालत नाही. राहायला आलेल्या परक्या माणसांना त्यानं एवढीच एक अट घातली. ना कागद, ना मोजणी. आपल्या जमिनीची कड त्याला पायांनी ठाऊक होती, आणि ती कोणालाही देताना त्याचा हात आखडला नाही. ती शाल रैनूची आहे. त्याचं नाव सिनेमात नाही, आणि तो दोष माझा आहे. सुमनताईचा मुलगा प्रशांत हा सिनेमा करायला निघाला तेव्हा माझ्याकडे आला होता. आजोबांना ती जागा कोणी दिली, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. हे बोलताना मी त्याच्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होतो. उरलेलं काम त्याच्या कल्पनेनं केलं.

पुढे माझी बदली पुन्हा त्याच भागात झाली. आठ-नऊ वर्षं मी त्या नव्या घरावरून जात-येत होतो. पावसाळ्यात रस्ते तुटत, महिना महिना बाहेरचं माणूस दिसत नसे, आणि त्या घरात मला भात मिळे. पंडुम झालं की सगुणाबाई नव्या तांदळाची पुरचुंडी माझ्यासाठी बाजूला ठेवायची. एकदा ताप डोक्यात गेला तेव्हा तिनं मला अकरा दिवस आपल्या घरात ठेवून घेतलं. ती म्हणायची, "तुमी रेष ओढली म्हून आमी इथी आलो, न् इथी पानी चांगलं हाय." हे ती मनापासून बोलायची आणि मी मान खाली घालून जेवायचो. आज हिशेब लावतो तेव्हा वाटतं, मी ज्यांचं शेत नेलं त्यांच्याच अन्नावर या नोकरीत जगलो. हे देणं मी कुठल्याही मार्गानं फेडू शकत नाही. पण त्याबद्दल मला नुसती लाज वाटत नाही. कृतज्ञताही वाटते, आणि आता या वयात तीच जास्त वाटते. ते तांदूळ फार चांगले होते.

गोविंदा गेला तेव्हा मी चांद्यात होतो. मला तार आली. मी गेलो नाही.

सिनेमानंतर आठ दिवसांनी मी सुमनताईला फोन केला आणि जुन्या जागी घेऊन चल म्हटलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला आठवणी आल्या. प्रशांतनं जीप आणली. पाऊस सरून बरेच दिवस झाले होते, वाट कोरडी होती. मोहाचं झाड होतं. घर नव्हतं, ओट्याचा नुसता उंचवटा होता. जमीनदारीचा दगड अर्धा मातीत होता. खाली झुडपांतून मुनारे दिसत होते, तीन ढासळलेले, बाकीचे उभे. मी मारलेला चुना केव्हाच गेला होता, पण रांग सरळ होती. रांग नेहमीच सरळ होती.

मी प्रशांतला त्याच्या मोबाइलमध्ये होकायंत्र आहे का विचारलं. होतं. दगडापासून लांब उभं राहून उत्तर दिशा बघ, मग उंचवट्याशेजारी येऊन मोबाइल जमिनीजवळ धर, असं मी सांगितलं. त्यानं तसं केलं. तो दोनदा मागे-पुढे झाला आणि म्हणाला की मोबाइल बिघडलेला दिसतो.

"नाही बिघडला," मी म्हणालो. मग त्या दोघांना सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसं. बसायला जीपमधली प्लास्टिकची खुर्ची दिली होती त्यांनी, पण मी उभा राहून सांगितलं.

 प्रशांत जीपमधून सब्बल आणून खणायला लागला. सुमनताई खुर्चीवर बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि खाली बांध्यांकडे पाहिलं. तिथे आता सागाची झाडं आहेत, चांगली जाडजूड, सरकारी.

"काकाजी," ती म्हणाली, "बाबा नेहमी एक गोष्ट विचारत राहाचे. म्हणाचे, त्या दिवशी साहेब रूळ पाहाले काऊन आले असतीन? मंग आपनच म्हणाचे, नाई, साहेबानं सांगतलं ना, गडबड नाई."

मी प्रशांतच्या सब्बलीकडे पाहत होतो.

"हे त्यायले सांगाले पायजे होतं. मले सांगून काय होते? मी तं त्या घरात सुखात वाढली." तिनं प्रशांतकडे पाहिलं. "अन् हा पोरगा. ह्यानं माह्या बापाच्या तोंडी घातलं, चूक माझीच म्हून. लोक रडले ते ऐकून. मी बी रडली."

सब्बल लोखंडाला लागली. प्रशांतनं माती बाजूला केली. दीड हाताचा रूळ, गंजलेला, पण वरचा माथा ठोकून ठोकून गुळगुळीत झालेला होता तसाच. तिनं उठून त्यावर हात ठेवला. मग मला म्हणाली की तिला माझ्याकडून माफी नको, ती द्यायला ती कोण. पण मी लिहिणारा माणूस आहे, जे लिहिलं ते खोटं लिहिलं, तर आता तिथं खरं लिहून द्यावं, नावासकट, जिथं लोक वाचतील तिथं. आणि रैनूबाबाचं नावही. सिनेमाचं काय करायचं ते तिचा मुलगा पाहील. परत येताना रूळ जीपमध्ये तिच्या पायाशी होता. वाटेत तिनं मला डब्यातली भाकर दिली. मी खाल्ली.

प्रशांत आता शेवट बदलतो आहे असं कळतं. त्याला हवा तसा बदलो. माझं फील्डबुक कुठल्या कपाटात आहे की वाळवीनं खाल्लं, मला ठाऊक नाही. म्हणून दुरुस्ती इथे लिहितो. मोजणीच्या कागदावर लिहितात तशीच लिहितो, कारण मला दुसरी रीत येत नाही.

आठवा मुनारा. उलट दिशा २९२ लिहिली आहे, ती २९८ वाचावी. फरकाचे कारण, अंगणातील लोखंडी रूळ. मोजणीदारास त्याच दिवशी ठाऊक होते. रेष सहा अंश उत्तरेस घ्यावी. तिच्या दक्षिणेची चार एकर धानाची जमीन जंगल नाही. गोविंदा मेस्त्री व सगुणाबाई यांनी साफ केलेली, बांध घातलेली, त्यांची आहे. त्यांनी सरकारच्या जमिनीत नांगर घातला नव्हता.